मांजरीची वाटणी

छत्तीस साली आमच्या काटेवाडीच्या घराची वाटणी झाली आणि मधे भिंत आली. बैल वाटले, भांडी वाटली, परसातला शेवगासुद्धा फांद्या मोजून वाटला. मग पंचांनी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना विचारलं, तुम्ही कुणाकडं राहता? आत्याबाई उठल्या आणि आपली गोधडी घेऊन थोरल्या जाऊबाईच्या, कुशाबाईच्या दारात जाऊन बसल्या. माझ्याकडं वळून पाहिलंही नाही. कुशाबाईचं पिठलं पाणचट, भाकरी करपलेली, तरी तीच लाडकी. ते मला अजून सलतं.

मांजरी मात्र माझी होती. निरवांगीहून, माझ्या माहेराहून टोपलीत घालून आणलेली. तिच्यात कुणाचा वाटा नव्हता. पण त्या बयेला कोण सांगणार? दूध माझ्याकडं प्यायची आणि दुपारी भिंतीवरून उडी मारून आत्याबाईंच्या मांडीवर जाऊन झोपायची. पलीकडून "ये गं सोने" असं ऐकू आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सोनी हे नाव मी ठेवलेलंच नव्हतं.

शेवटी धन्यांना बारामतीच्या बाजारात पाठवून बादशाहभाईच्या दुकानातून दाराला नवी कडी आणवली. खिडकीला फळी ठोकली आणि मांजरीला आत कोंडलं.

"बने," कुशाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "मांजर हाय ते. फिरल्याबिगर त्याला करमत न्हाय."

"भाईर कुत्री हायत," मी म्हणाले. "घरातलं घरात ऱ्हायलेलं बरं."

कुत्र्यांचं नुसतं निमित्त होतं. माझं दुखणं वेगळं होतं, आणि ते तिलाही ठाऊक असावं.

महिन्याभरात मांजरी कणगीमागं व्याली. चार पिलं, आणि तीही माझ्या घरात. परसात जाऊन ही बातमी मी शेजारणीला इतक्या मोठ्यानं सांगितली की भिंतीपलीकडं शब्द न् शब्द पोचावा.

नवव्या दिवशी पाण्याला जाताना कडी घालायची राहिली. परतले तर कणगीमागं एकच पिलू. तीन पलीकडं पोचली होती आणि चौथं न्यायला मांजरी भिंतीवरून उतरत होती. मी झटकन दाराशी आले आणि तिच्या तोंडावर दार लावलं.

"ती तीन घिऊन ये, मग उघडते," मी आतून म्हणाले. मांजराशी असा सौदा करणाऱ्या बाईला काय म्हणावं?

ती दारावर नखं ओढत राहिली. आत पिलू ओरडत होतं. दुधात कापसाचा बोळा भिजवून त्याच्या तोंडाशी धरला, तर ते तोंड फिरवायचं. धनी उसाला पाणी द्यायला गेलेले, घरात मी एकटी. दिवस कलला तशी दारावरची नखं थांबली, आणि पिलाचा आवाजही बसला. तेव्हा मात्र मी उठले. पिलाला पदरात घेतलं आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच जाऊबाईच्या दाराशी गेले.

दार सताड उघडं होतं. आत्याबाईंच्या गोधडीवर मांजरी तिघांना पाजत पडली होती. मी चौथं खाली सोडलं, तसं ते धडपडत जाऊन तिला बिलगलं. कुशाबाईनं पाट पुढं सरकवला. तिनं टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी बसले नाही. इतके महिने मनात होतं ते आत्याबाईंना विचारून टाकलं. "माझ्याकडं काय कमी व्हतं? तुमी हिच्याकडं का आला?"

"कमी काय बी न्हवतं," आत्याबाई मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुझ्या हाताला चव बी हाय. पर तुझ्याकडं आले आसते तर हिकडं पाय टाकू दिला आसतास का? म्हनलं, कुशीकडं ऱ्हावं, मंजे तुझ्याकडं बी येता येईल. येनार व्हते गं. तवर तू कडी आनलीस."

मी वळून आमच्या दाराकडं पाहिलं. मग ध्यानात आलं, एवढ्या चार पावलांवर येतानाही मी मागं कडी घालून आले होते, आणि घरात तर आता कुणीच नव्हतं.