पट्टा फिरल्यापासून अठरावा दिवस

"मावशी, परवा माझा वाढदिवस. काय देणार?" ठकूने खिडकीतून डोकं आत घातलं, आणि माझा हात यंत्राच्या खटक्यावर तसाच थबकला.

ठकू माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बर्फाच्या कारखान्यात ती मॅनेजर आणि मी लादीचा चुरा करणारं यंत्र चालवते. चारचौघांत तिला मॅनेजरबाई म्हणते, एरवी कान धरते.

"परवा? म्हणजे आज वीस एप्रिल?"

"हो. कॅलेंडर बघत जा की कधी!"

"अगं, दरवर्षी तुझ्या वाढदिवसाच्या आगेमागे मी या यंत्राचा पट्टा चढवते. लहानपणी तू खाऊ मागायला यायचीस, तेव्हा माझे हात ग्रीसने काळे असायचे. आठवतं? यंदा पट्टा फिरायला लागून आज अठरा दिवस झाले!"

"बरं, मग?"

"मग वर कोण आहे?"

ठकूचा चेहरा एकदम उतरला. वर डांबरवाले होते.

आमच्या कारखान्याचं छप्पर सपाट, त्यावर बारीक खडी पसरलेली. दरवर्षी सुरय पक्षी येतात, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी, आणि त्या खडीवर अंडी घालतात. ठकूचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, ठकूच्या आधी इथे मॅनेजर होते. पहिलं अंडं कधी दिसलं हे ते वहीत लिहून ठेवायचे. अठरा वर्षांत एकदाही दहा मेच्या आत नाही. शिडीपाशी पाटीसुद्धा त्यांनीच लावलेली, 'दहा मेपासून छप्पर बंद'. जाताना लेकीकडे एवढंच मागितलं, "छपराचं काय हवं ते कर, पण अंड्यावर कुणाचा पाय पडू देऊ नकोस."

यंदा छप्पर गळायला लागलं. ठकूने वही तीनदा वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि वीस दिवस हातात ठेवून डांबरवाल्यांना आजची तारीख दिली.

पण देव काही वही बघून समुद्र चालवत नाही. मोठ्या मासळीचं बर्फाच्या ढेकळांनी भागतं. बोटाएवढी रुपेरी मासळी मात्र ढेकळांखाली चिरडते, तिला चुराच लागतो. ती किनाऱ्याला लागली की होड्या माझ्याकडे चुरा मागतात. आणि सुरयांचा नर मादीला भरवायला नेतो तीही हीच मासळी, ती खाऊनच मादी अंड्यावर येते. यंदा पाणी लवकर कोमट झालं, मासळी लवकर आली, माझा पट्टा लवकर फिरला. एरवी ठकूच्या वाढदिवसाला, बावीस एप्रिलला, पट्टा फिरला की दहा मेला अंडं, म्हणजे अठरा दिवस. ही मोजणी माझ्या कानाशी रोज खडखडत होती आणि मला बाईला पत्ता नाही!

"पळ!" मी ओरडले.

ठकू शिडीवर चढली ती दोन-दोन पायऱ्या टाकत. मागून मी, गुडघ्यांना हात जोडत आणि देवाला हाका मारत. वर सहा माणसं फावड्यांनी खडी ओढत होती. एक कोपरा तर साफही झाला होता. डोक्यावर सुरयांचा नुसता गदारोळ.

"थांबा! पाऊल उचलू नका!" ठकू किंचाळली. "ज्याचा पाय जिथे असेल तिथेच!"

एकाचा पाय हवेत होता. बिचारा बगळ्यासारखा तसाच उभा राहिला.

मुकादम डोक्यावर घमेलं धरून म्हणाला, "बाई, हे पक्षी सकाळपासून टोचतायत. पण घरटं कुठंय? काडी नाही की गवत नाही!"

"ते काडी लावत नाहीत हो, दादा. खडीतच अंडं, खडीच्याच रंगाचं."

"मग दिसणार कसं?"

"आपल्याला नाहीच दिसणार," मी म्हटलं. "जिचं आहे तिला दिसेल. हा बगळा सोडून सगळे जागच्या जागी खाली बसा आणि तोंड मिटा."

आठजण होतो, पण श्वास एकाचाही ऐकू येईना. ठकूने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. पक्षी फिरत राहिले, ओरडत राहिले. मग हळूहळू वर्तुळ लहान झालं. एक मादी उतरली, दोन पावलं चालली, मान वाकडी करून मुकादमाकडे पाहिलं, पोट हलवलं आणि बसली.

त्याच्या फावड्यापासून एका वितीवर!

"आई गं," मुकादम पुटपुटला. "पुढचा हात तिथेच मारणार होतो मी."

पाठोपाठ आणखी उतरल्या. मी मोजत गेले, अकरा! साफ केलेल्या कोपऱ्यात एकही उतरली नाही. ओढलेल्या खडीचा ढीग ठकूने गुडघ्यांवर बसून बोटांनी चाळला. कवच नाही, ओल नाही. तेव्हा कुठे ती हसली आणि हसता हसताच रडली.

"बगळ्याला पाय टेकू द्या आता," मुकादम कुजबुजला, आणि सगळे तोंडावर हात ठेवून खदखदले.

आलो त्याच पावलांवरून एकेक करून सगळे खाली उतरलो. गळती राहिली ती राहिलीच. पिल्लं उडेपर्यंत बर्फाच्या खोलीत ताडपत्री बांधायची आणि बादल्या ठेवायच्या, असं ठकूने तिथेच ठरवलं. वहीत एकोणिसावी ओळ लिहिली, 'वीस एप्रिल', आणि शेजारी नवा रकाना आखून पट्ट्याची तारीख.

खाली पिंपात डांबर रटरटत होतं. "याचं काय करू आता? तोंडाला फासू?" मुकादमाने विचारलं.

"ब्रश द्या जरा," ठकू म्हणाली. तिने भाऊजींच्या पाटीवरचे 'दहा मेपासून' हे शब्द डांबराने बुजवले, आणि वर मोकळ्या जागेत जाड अक्षरांत लिहिलं, 'पट्टा फिरला की'.

मुकादमाने मोठ्याने वाचलं, "पट्टा फिरला की छप्पर बंद. कुठला पट्टा?"

दारात चुऱ्यासाठी होडीवाले ताटकळले होते. मी आत गेले आणि पट्ट्याचा खटका दाबला.