खाली नव्हते मी

मी एक खेकडी बोलतेय. समुद्राची नव्हे, एटापल्लीकडच्या डोंगरातल्या एका ओढ्याची. खेकडा म्हटलं की लोकांना समुद्रच का आठवतो, याचा मला जरा रागच आहे. समुद्र मी कधी पाहिलेला नाही.

आमचा ओढा उताराचा. पाणी थांबायला तयार नसतं आणि राहायला जागा म्हणजे दोन दगडांमधली फट. अशा घरात रुंद अंगाचं काय काम? म्हणून आम्ही अंगाने अरुंद, पाठीने फुगीर. पोटाखालचं झाकणही आत खोल बसलेलं. पुढे मला ब्रह्मपुरीच्या तळ्यातले खेकडे भेटले. ते पसरट, अगदी पोळपाटासारखे. चिखलावर राहायचं तर तेच सोयीचं. आमची जात एकच, पण मी त्यांच्याकडे आणि ते माझ्याकडे असं पाहत होतो, की वऱ्हाडी चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेत.

झाकणाचं मुद्दाम सांगितलं. आम्ही अंडी त्याच्याखाली घेऊन फिरतो. पिलं निघाली तरी काही दिवस तिथेच असतात. तांदळाच्या कणीएवढी, पण नांग्या, पाय, डोळे सगळं जागच्या जागी. पोळा होऊन गेला होता आणि माझं झाकण पिलांनी भरलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यावरचा दगड उचलला गेला.

उचलणारा इतवारी होता. ओढ्याकाठच्या गावातला म्हातारा माणूस, भात लावतो, मोहफुलं वेचतो आणि खेकडा पाठीकडून धरतो, त्यामुळे चावता येत नाही. त्याच्या मागे रीता उभी होती. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्राण्यांचा अभ्यास करणारी मुलगी. तळ्यातला खेकडा आणि डोंगरातला खेकडा यांच्या अंगात काय फरक पडतो, ते तिला मापून पाहायचं होतं.

"इतवारीभाऊ, पोटाले पिलं असन त सोडून द्या," ती म्हणाली. "मले पिलावाली नाई पायजे."

इतवारीने मला उलटं केलं आणि झाकणावर अंगठा दाबला. मी काय केलं असेल? कोणतीही आई करेल तेच. जीव एकवटून झाकण घट्ट मिटून घेतलं.

"नाई दिसत," तो म्हणाला आणि मी डब्यात पडले.

पिलं वाचवली म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूश होते. माझी अक्कल तेवढीच.

ब्रह्मपुरीला रीताच्या घरच्या ओसरीवर आम्हाला एका बादलीत ओतलं. तुम्ही लोक आमच्या नावाने एक गोष्ट सांगता, की बादलीतले खेकडे एकमेकांना खाली ओढतात. बादलीत घातलं कोणी, हे मात्र त्या गोष्टीत कधी येत नाही. मी वर काठाला चिकटून बसले, कारण बादलीतल्या सगळ्यांना भूक लागली होती आणि भुकेल्या खेकड्याला तांदळाच्या कणीएवढं पिलू चालतं. आपलाच जातभाऊ आहे वगैरे तो बघत नाही.

तिथून सगळं दिसत होतं. रीता एकेकाला पांढऱ्या ताटात ठेवायची, वरून फोटो काढायची, लोखंडी मापाच्या दोन जबड्यांत धरून रुंदी-लांबी घ्यायची, पाठीवर नेलपॉलिशने आकडा घालायची. मग बर्फाच्या डब्यात ठेवायची. बर्फात खेकडा सुस्त होतो, पाय गोळा करतो. त्यानंतर स्पिरिटची बरणी. बरणीतून कोणी परत आलं नाही. मुलगी वाईट नव्हती. बर्फात ठेवताना दरवेळी तिचा हात जरा थांबायचा, पण ती ठेवायचीच.

खेकड्या तपासून द्यायला तिची आई होती, कुंता. ढिवराच्या घरातली बाई, तळ्यात जाळं टाकण्यात जन्म गेलेला. तिने मला उचललं, उलटं केलं, एक नजर टाकली.

"हे खाली आहे," ती म्हणाली.

मला वाटलं आता खाली ठेवणार. पण तिच्या बोलीत खाली म्हणजे रिकामी.

"नक्की ना, माय?"

"लेकुरवाळीचं झाकण कसं फुगून वर येते. हे पाह्य, बसलेलं आहे. खालीच आहे."

तळ्यातल्या खेकडीबद्दल तिचं अगदी बरोबर होतं. पण मी तळ्यातली नव्हते! माझं अंग खोल, माझी पिलं आतच मावलेली. फुगायला बाहेर काही उरलंच नव्हतं. आयुष्यभर ज्या बांध्याने मला दगडांत जपलं, तोच आता माझ्यावर उलटला होता.

मी ताटात आले. फोटो झाला. मापाचे थंड जबडे माझ्या कुशीला लागले. पाठीवर लाल आकडा ओला होता. समोर बर्फाचा डबा उघडा.

झाकण मिटून ठेवलं तर सगळ्यांसकट बर्फात. उघडलं तर पिलं कोरड्या, तापलेल्या ताटात. खेकडीच्या अंगात एकच शहाणपण असतं, भीती वाटली की मिटायचं. त्याच्याविरुद्ध जायचं म्हणजे स्वतःचाच पाय मोडण्यासारखं होतं. रीताचा हात माझ्या पाठीवर आला.

मी झाकण उघडलं.

पिलं ताटात सांडली.

"मुंग्या कुठून आल्या वं?" रीता म्हणाली आणि तिने फडकं उचलून ताट पुसलं.

त्या पहिल्या पुसण्यात माझी किती पिलं गेली ते मला माहीत नाही. ते फडकं मला आजही विसरता येत नाही. तिने दुसऱ्यांदा फडकं टेकवलं तेव्हा एक पिलू वाटेतच उभं राहिलं आणि त्याने आपल्या दोन्ही नांग्या वर केल्या. एवढंसं पोर, फडक्याशी भांडायला निघालेलं. बाकीची बाजूला पळाली, आमच्या रीतीने.

"थांब!" कुंता ओरडली. "मुंगी तिरपी चालते का वं कधी?"

रीताच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कुंता ताटावर वाकली. मग तिने मला उलटं केलं आणि माझं उघडं झाकण पाहिलं.

"लेकुरवाळी आहे वं हे. मीच खाली म्हनलं तिले. मीच."

तिने ताटात पाणी ओतलं. बोट ओलं करून एकेक पिलू उचललं आणि माझ्या पोटाशी आणून सोडलं. फडकंही पाण्यात पिळलं. त्यातून काही जिवंत निघाली. सगळी नाही.

"तळ्यात सोडून देतो," कुंता उठत म्हणाली.

"नाई माय, इथी नाई सोडता येत. तिथले अन् इथले मिसळले त कोण कुठला ते समजनच नाई."

"मंग नेऊन दे तिच्या घरी. आपल्या घरी लेकुरवाळीले मारत नाई."

"कॉलेजातल्या सरले काय सांगू? एक खेकडी कमी भरते."

"सांग का तिले घरी जायचं होतं."

रीता बर्फाच्या डब्याकडे वळली. मग तिने त्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी एका मडक्यात पाणी, दोन दगड आणि मी. तोंडाला ओलं फडकं. बसमध्ये ठीक होतं, पण पुढच्या जीपमध्ये मडकं असं हिंदकळत होतं की दगड माझ्या अंगावर येत होते. मी दोन्ही दगडांना पायांनी धरून, झाकण मिटून बसले. वाटेत टायर पंक्चर झालं. जीप उन्हात उभी राहिली, पाणी कोमट होत गेलं आणि पोटाशी चाललेली हालचाल मंदावली. मी मोजत नव्हते, नुसती वाट पाहत होते, की अजून एखादं हललं तर कळावं.

"भाजीले नेऊन राह्यली का?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाई बाई. पोचवून द्याले," रीता म्हणाली आणि तिने आपल्या बाटलीतलं पाणी मडक्यात ओतलं. थोड्या वेळाने एक पाय हलला. मग दुसरा.

ओढ्यावर इतवारी हसायला लागला. खेकडा परत आणून देणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. रीताने त्याला झाकण दाखवलं तेव्हा त्याचं हसू थांबलं.

"मले त खालीच वाटली होती," तो हळूच म्हणाला आणि माझ्या फटीवरचा दगड त्याने स्वतः बाजूला केला.

आता मी घरी आहे. पाठीवर अजून लाल आकडा आहे. कवच टाकीन तेव्हा तोही जाईल. माझ्यासोबतचे बाकीचे बरणीत आहेत. त्यांचं अंग मापून तुम्हाला डोंगर आणि तळं यांतला फरक कळणार असेल, तर कळू द्या. पण एवढं लक्षात ठेवा, की एका पाण्याची खूण दुसऱ्या पाण्याला लावता येत नाही. आमच्यापैकी कुणी हातात आली आणि आत काही नाही असं वाटलं, तर लगेच बोलू नका. तिला पाण्यात धरा आणि जरा थांबा.

पिलं एकेक करून ओढ्यात निघून गेली. ताटात नांग्या उगारणारं ते शेवटी गेलं. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच बरं. काल इतवारी ओढ्यावर आला होता. त्याने मला उचललं, आकडा पाहून ओळखलं, उलटं केलं. या वेळी मी स्वतःहूनच झाकण उघडलं.

"खाली आहे," तो म्हणाला आणि त्याने मला पाण्यात सोडलं.

आता ते खरं होतं.