कललेला मनोरा

घड्याळाला किल्ली देणारा माणूस मनोऱ्याच्याच तळखोलीत राहायचा, आणि त्याची मुलगी तोच मनोरा मोजायला आली होती. तिने स्कॅनर तिवईवर बसवला तोच त्याने टोमणा मारला.

“आल्या इंजिनीअरबाई. दगडांना हसायला सांगू का?”

“बाजूला व्हा बाबा, मॉडेलमध्ये याल.”

“बेरजा चुकायचीस तू. आता मनोरे मोजतेस.”

बेरीज ती एकदाच चुकली होती. त्याने ती जन्मभर पुरवून वापरली.

गेल्या वर्षीच्या मोजणीशी ताडून पाहिलं, तर मनोरा वरच्या बाजूने झुकलेला निघाला. मनोरा रिकामा करायचा हुकूम निघाला. तो सांगायला ती भांडणाच्या तयारीने गेली. बाप खाटेवर टेकला.

“रोज वर चढतो मी, आणि मला कळलं नाही. तुझंच बरोबर असणार, पोरी. तू मोजलंयस.”

हे ऐकण्यासाठी तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

घरी येऊन तिने संगणकावरचं मनोऱ्याचं मॉडेल पुन्हा उघडलं, नुसतं कौतुकाने. दोन्ही वर्षांच्या मोजण्या एकमेकींवर बसवायला तिने गेल्या वर्षीच काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवून ठेवले होते. त्यातला सगळ्यात वरचा भिंतीवर नव्हता. तो घड्याळाच्या खोलीच्या दारावर होता. गेल्या वर्षी ते दार बंद होतं, यंदा चार बोटं उघडं. सरकला होता तो कागद; मनोरा जागचा हललाच नव्हता.

एका फोनने बापाची खोली वाचली असती. मग तो हसला असता, आणि भेटेल त्याला बेरजेची गोष्ट नव्या शेपटासकट सांगत सुटला असता. तिने मॉडेल बंद केलं.

सामान हलवायच्या दिवशी तो दारात घुटमळला. त्याचा आवाज इतका मऊ तिने कधी ऐकला नव्हता.

“पुन्हा एकदा मोजून बघतेस?”

“दोनदा मोजलंय, बाबा.”

“बरं. वरचं दार फुगलंय, लागत नाही. ठोकून बसवून येऊ?”

“राहू दे.”

किल्ली तिच्या हातात देऊन तो रस्त्यावर आला. मान तिरकी करून बराच वेळ वर बघत राहिला.

“आता दिसतोय बघ,” तो म्हणाला. “कललाय खरा.”

“हो,” ती म्हणाली आणि त्याची ट्रंक गाडीत सरकवली.