शिंप्याच्या खिशातले नऊशे मैल

मित्रांनो, काडेपेटीएवढा देह, तडकलेली काच आणि पाठीवर एक गंजका चिमटा, एवढेच माझे रूप. मी पावले मोजणारा जुना पाऊलमोज्या. माझ्या पोटात स्प्रिंगला टांगलेले एक इवलेसे वजन आहे. माणसाने पाऊल टाकले की ते खाली आपटते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. मला दोन खिडक्या आहेत. वरच्या खिडकीत दिवसाची पावले दिसतात. बटण दाबले की ती पुसली जातात. खालच्या खिडकीत आजवरचे सगळे मैल साठत राहतात. तिला बटण नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी स्वभावाने मत्सरी आहे. माझा सगळा जन्म एका नकाशावर जळण्यात गेला.

माझी सुरुवातीची वर्षे एका घड्याळजीच्या काचेच्या कपाटात गेली. आजूबाजूची घड्याळे विकली जात, मी तिथेच. घड्याळे सगळ्यांनाच लागतात, पावले कोणाला मोजायची असतात? पण घड्याळजीच्या शेजारी एका शिंप्याचे दुकान होते. त्याला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षे बसून शिवल्यामुळे मास्तरांची साखर वाढली, पायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावले, "औषध मी देईन, पण चालायचं तुम्हालाच आहे. रोज तीन मैल." घड्याळजीने मला कपाटातून काढले, फुंकर मारली आणि मास्तरांच्या हातात ठेवले. "घे. हा खोटं बोलत नाही."

मला केवढा अभिमान वाटला! पण त्याच आठवड्यात माझी अब्रू गेली.

मास्तर मला पँटच्या खिशात, मांडीला लागून ठेवत आणि पायांनी चालवायच्या मशीनवर दिवसभर शिवत. मांडी वरखाली झाली की माझे वजन आपटायचे. मला काय ठाऊक! मी इमानाने मोजत राहिलो. संध्याकाळी काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, माझा आकडा पाहिला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"अहो, अकरा मैल! दुकान तर घराच्याच पुढच्या खोलीत. कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. दोन सफारी सूट शिवले."

काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मास्तर मात्र ओशाळले. चुकलेली शिवण उसवायला त्यांना कधी लाज वाटत नसे. त्यांनी घड्याळजीकडून माझी खालची खिडकीसुद्धा शून्यावर आणून घेतली. तेव्हापासून शिवायला बसताना मी खुंटीवर आणि चालताना खिशात, असा नियम झाला.

पण मास्तरांना चालण्याचा कंटाळा यायचा. "बैल घाण्याभोवती फिरतो तसा मी पाण्याच्या टाकीभोवती फिरतोय," असे ते म्हणत. तेव्हा काकूंनी आतल्या खोलीतून एक गुंडाळी आणली. तो होता नकाशा. त्यांच्या मुलीचा, शाळेतला.

इथे तुम्हाला त्या मुलीबद्दल सांगायला हवे. ती एकुलती एक. हाताला वळण असे की मास्तरांनी कापलेले आणि तिने कापलेले कापड ओळखू यायचे नाही. दुकान तीच चालवणार, हे मास्तरांनी धरूनच ठेवले होते. तिने मात्र बंदरावर क्रेन चालवण्याची नोकरी धरली. मास्तर भडकले. "सुई धरायची सोडून लोखंड उचलायला निघालीस?" असे म्हणाले आणि मग जे बोलू नये तेही बोलले, "जा. आजपासून तुझं माप मी घेणार नाही." ती गेली. तीन वर्षे झाली होती. ती काकूंशी फोनवर बोलायची. मास्तर त्या वेळी दुकानात काही ना काही विसरलेले असायचे.

काकूंनी नकाशा दुकानाच्या भिंतीवर लावला आणि सहज म्हटल्यासारखे म्हटले, "चालायचंच आहे, तर कुठेतरी पोचावं. हे आपलं गाव. आणि हे तिचं."

मास्तर नकाशाकडे पाठ करून मशीनवर जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल दोरा नकाशावरच्या रस्त्याने वळणावळणाने लावला आणि टेपने मोजला. एका इंचाला वीस मैल. एकूण नऊशे बारा मैल. आमच्या गावावर त्यांनी पहिली टाचणी टोचली.

आणि माझ्या पोटात पहिली कळ आली.

मित्रांनो, तुम्हीच सांगा. उन्हातान्हात मास्तरांबरोबर कोण गेले? धान्यबाजार, कालव्याचा काठ, टाकीला सात फेऱ्या, एकेक पाऊल कोणी मोजले? मी. आणि कौतुक कोणाचे? त्याचे! दर रविवारी टाचणी इंचभर पुढे जायची आणि गिऱ्हाईके नकाशासमोर उभी राहायची. "वा मास्तर, नदी ओलांडलीत की!" "आता घाट लागेल हो, जपून!" पोस्टमन तर रोज विचारायचा, "आज मुक्काम कुठे?" मास्तर ऐटीत बोट ठेवून दाखवायचे. भिंतीवर आरामात टांगलेला तो कागद, एक पाऊल न चालता प्रवासी ठरला. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

त्याच्यावरची धूळ मऊ ब्रशने झटकली जायची. मी घामाने चिकट व्हायचो. एकदा तर मी पँटसकट साबणाच्या बादलीत गेलो. काकूंनी मला बाहेर काढले तेव्हा काचेच्या आत पाणी डुचमळत होते. तीन दिवस मी खिडकीत वाळत पडलो, आणि समोर तो! मी त्याला मनोमन शाप दिला. ओल लागो, कसर लागो, वारा लागो.

वारा लागला. एका दुपारी दार धाडकन उघडले आणि नकाशा मधोमध फाटला. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते. पण झाले उलटेच. मास्तरांनी हातातले काम बाजूला ठेवले, नकाशाच्या पाठीला मलमलीचे अस्तर लावले आणि चारी कडांना निळी पट्टी शिवली. नवरदेवासारखा सजून तो भिंतीवर परतला. मला मात्र त्या दिवशी खुंटीवरून खिशात घालायचेही राहून गेले.

अकरा महिने असे गेले. मास्तरांच्या पायांतल्या मुंग्या गेल्या, साखर उतरली. टाचणी नऊशेव्या मैलावर आली. मुलीचे गाव बारा मैलांवर राहिले. चार दिवसांचे काम.

आणि तिथे टाचणी थांबली.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. पोस्टमनने विचारले तर मास्तर म्हणाले, "पाय दुखतात हो." काकूंनाही तेच. पण पाय कुठे दुखत होते? ते रोज चालत होते, पूर्वीपेक्षा जास्त, मान खाली घालून. मी मोजत होतो. नऊशे बारा झाले तेव्हा आम्ही कालव्याच्या पुलावर होतो. मास्तर थांबले, मला खिशातून काढले, आकडा पाहिला आणि पुन्हा खिशात टाकले. मग पुढे चालू लागले.

माझा राग मस्तकात गेला. मी मोजलेले खरे, की त्या अस्तर लावलेल्या कागदावरचे? त्याच्यासाठी माझे पन्नास मैल गिळून टाकायचे? पण मला तोंड नाही.

एका शनिवारी काकू कपडे भिजवायला बसल्या. बादलीचा प्रसंग घडल्यापासून त्या आधी खिसे चाचपत. मी त्यांच्या हाताला लागलो. त्यांनी मला पुसले, सहज डोळ्यांजवळ धरले आणि खालची खिडकी वाचली. मग ओल्या हातानेच त्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, जरा इकडे या."

मास्तर आले.

"याच्यावर नऊशे पन्नास आहेत. टाचणी नऊशेवर आहे. हा खोटं बोलत नाही ना?"

मास्तरांनी टाचणीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "पोचल्यावर दार वाजवावं लागेल. काय तोंडाने वाजवू?"

"तुमच्याकडे दुसरं तोंड आहे का? याच तोंडाने वाजवा," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन लावला आणि तो मास्तरांच्या कानाला धरला. दुसऱ्या हाताच्या मुठीत मी होतो, म्हणून सगळे ऐकले.

"बोल आई."

"मी आहे."

"बाबा? आईला बरं नाही का?"

"ती ठणठणीत आहे. मी... मी चालत आलोय. तुझ्याकडे. म्हणजे नकाशावर." त्यांनी अडखळत सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "धीर झाला नाही, म्हणून चालतच राहिलो. तुझी आई म्हणते, तुझ्या दारावरून अडतीस मैल पुढे गेलोय."

ती हसली की रडली, मला कळले नाही. "बाबा, आमच्या गावापुढे समुद्र आहे. अडतीस मैल म्हणजे तुम्ही भर पाण्यात आहात."

"मला पोहता येत नाही."

"माहितीये. म्हणून सांगते, मागे फिरा आणि घरी या. माझ्या."

मास्तरांनी फोन खाली ठेवला, चष्मा पुसला आणि मग पहिल्यांदा मला काकूंच्या मुठीतून घेऊन नीट पाहिले. "चांगला चहाडखोर निघालास रे," असे म्हणाले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे बक्षीस.

पण जायच्या दिवशी बॅगेत कोण गेले? नकाशा! लेकीला दाखवायला. गाडीत चालायचे नाही, म्हणून मी खुंटीवर. ते आठ दिवस मी बंद दुकानात कसे काढले, ते माझे मला ठाऊक.

मास्तर परत आले ते नकाशाशिवाय. तो त्यांनी लेकीकडेच ठेवला होता. आता ती बंदराच्या धक्क्यावर रोज चालते आणि तिकडून आपली टाचणी आमच्या दिशेने सरकवते. मास्तर इकडून पुन्हा निघाले आहेत. दर रविवारी ते मला खिशातून काढतात आणि माझा आकडा फोनवर मोठ्याने वाचतात. मगच तिकडे मास्तरांची टाचणी हलते. दोन टाचण्या ज्या गावात भेटतील, त्या गावी दोघांनी खरोखर जायचे ठरले आहे. अजून तीनशे एकाहत्तर मैल आहेत.

नकाशावरचा माझा राग आता निवळला आहे. मात्र लेकीने एक नवा पाऊलमोज्या घेतला आहे, आणि त्याला म्हणे आत दिवा लागतो. असो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू मुकाट्याने काहीतरी मोजत असेल. तिला अधूनमधून हातात घ्या, पुसा, आणि तिने काय मोजले ते वाचा. माझी स्प्रिंग हल्ली सैल झाली आहे. वीस पावलांतले एक माझ्याकडून निसटते, आणि मास्तरांना ते कळत नाही. कोणीतरी मला तेलाचा एक थेंब द्या हो. नाहीतर माझ्यापायी ती दोघे एकमेकांना उशिरा भेटतील.