नव्वद किलो

ल्युबिंकाने हातमोजा काढला आणि इंजिनावर तळवा टेकवला. इंजिन गार होतं. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गुपचूप तापवून ठेवतात, मग ती एका झटक्यात सुरू होते आणि बघणारा फसतो. हे तिला कधीकाळी नवऱ्यानेच शिकवलं होतं. तो नवरा, स्रेतेन, तीन पावलं मागे अक्रोडाच्या झाडाखाली उभा होता. चेहरा असा, की कुणी दाढ उपटायला आणलं आहे.

“गार आहे,” ती म्हणाली.

“गार असायलाच हवं. त्यात कौतुक कसलं?”

ही सातवी मोटरसायकल. आधीच्या सहा स्रेतेनने नापास केल्या होत्या. एकीचा आवाज कर्कश, दुसरीचं हँडल रुंद, आणि नीश शहरातल्या एकीचा तर म्हणे रंग बघवत नव्हता. रंगाची तक्रार त्याने करावी याचं ल्युबिंकाला हसूही आलं होतं आणि रडूही. ऑक्टोबरपासून त्याला फक्त समोरचं दिसत होतं, तेही नळीतून बघावं इतकंच. काचबिंदूने कडा खाऊन टाकल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात त्याने आपली मोटरसायकल विचारेल त्याला विकून टाकली. बायकोला एका शब्दाने सांगितलं नाही. तेव्हापासून तो गॅलरीत रेडिओ घेऊन बसायचा आणि कुणी फिरायला बोलावलं तर गुडघेदुखीचं कारण पुढे करायचा.

डॉक्टर ल्युबिंकाशी वेगळं बोलले होते. हा उन्हाळा नक्की दिसेल, पुढच्याची खात्री नाही. ग्रीसच्या अगदी दक्षिणेला, रस्ता संपून समुद्रच लागतो त्या टोकाला जायचं, हे स्रेतेन नऊ उन्हाळे “पुढच्या वर्षी” म्हणत आला होता. आता पुढच्या वर्षाचा भरवसा उरला नव्हता. म्हणून पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई सत्तावन्नाव्या वर्षी मोटरसायकलच्या शिकवणीला गेली, अठरा वर्षांच्या पोरांमध्ये उभी राहिली, दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा परवाना घेऊनच घरी आली. स्रेतेनने परवाना डोळ्यांजवळ धरला आणि फोटो वाईट आल्याचं सांगितलं. मी मागे बसेन असं तो आजवर एकदाही म्हणाला नव्हता. त्याचं हेल्मेट मात्र ती प्रत्येक वेळी मोटारीत मागच्या सीटवर घेऊन यायची.

गाडीचा मालक वुकोमान पस्तिशीचा होता. आठ वर्षं व्हिएन्नात काढून तो गावी परतला होता आणि आता मधमाश्या पाळत होता. तो सगळं स्रेतेनलाच सांगत होता.

“काका, चौदा वर्षांची आहे, पण अडुसष्ट हजारच किलोमीटर झालेत. सामानाच्या पेट्या मूळच्या. सीट बुटकी करून घेतलीय. बसून बघा ना.”

“मी बघते,” ल्युबिंका म्हणाली आणि टांग टाकून मागच्या सीटवर बसली.

वुकोमान हसला. “काकू, चालवायचं पुढून असतं हो!”

“पुढचं नंतर. एकतीस वर्षं मागे बसले आहे मी. गाडी खरी कळते ती मागूनच.”

तिने पाय टेकायचे फूटरेस्ट चाचपले. रबराच्या रेघा जशाच्या तशा होत्या. सीट रुंद, पाठीला टेकण भक्कम. मोठ्या अंगाच्या माणसाला दोन हजार किलोमीटर निभेल अशी जागा तिला सात गाड्यांत प्रथमच मिळत होती.

“इथे कुणी बसलेलंच नाही.”

“बायको घाबरते,” वुकोमान म्हणाला.

घाबरायची ल्युबिंकासुद्धा. लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा मागे बसली तेव्हा वळण आलं की ती उलट्या बाजूला झुकायची आणि गाडी हेलपाटायची. मग स्रेतेनने रस्त्याच्या कडेला थांबून तिला एवढंच शिकवलं होतं, “मागे पोत्यासारखं बसायचं. पोतं आपली अक्कल चालवत नाही, म्हणून ते कधी पडत नाही.” तेव्हा तिला राग आला होता. पण ती पडली मात्र कधीच नाही.

वुकोमानची आई मिलुंका तबक घेऊन आली आणि सगळे अक्रोडाखालच्या टेबलाशी बसले. दोन कपांत कॉफी आणि एका इवल्या पेल्यात राकिया, घरी गाळलेली आलुबुखारची कडक दारू. तिने कॉफी स्रेतेनपुढे ठेवली आणि पेला ल्युबिंकापुढे.

“चालवणाऱ्याला नंतर देईन हं,” ती म्हणाली. “पाहुणीबाई, तुम्ही घ्या.”

ल्युबिंकाने पेला टेबलावरून नवऱ्याकडे सरकवला.

“चालवणारी मी आहे, मिलुंकाताई.”

“अगं बाई!” मिलुंका म्हणाली आणि तिने लगबगीने कॉफी इकडची तिकडे केली. वुकोमान टाचेने माती उकरत राहिला. एकतीस वर्षं प्रत्येक घरात स्रेतेनने पेल्यावर हात आडवा धरून “मी चालवतोय” म्हटलं होतं, आणि त्याच्या वाटची ल्युबिंकाने घेतली होती. आज त्याने हात आडवा धरला नाही आणि पेलाही उचलला नाही. घरची राकिया अशी तशीच ठेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. मिलुंकाने पेल्याकडे दोनदा पाहिलं.

स्रेतेन उठून गाडीपाशी गेला. डोळ्यांनी बघण्याचा त्याने प्रयत्नच केला नाही. बोटांनी ब्रेकच्या तबकडीची कड तपासली, टायरवरून हात फिरवला, पेटीची बिजागरी हलवून बघितली.

“टायर मधोमध सपाट झालाय. नुसती हमरस्त्यावर पळवली आहे.”

“खरंय काका. व्हिएन्ना ते घर, नाकासमोर.”

“बिजागरी ढिली. स्टँड वाकलेला. मागचे ब्रेक संपत आलेत. चार हजार तीनशे युरो मागायला हिला काय चांदीचा मुलामा दिलाय?”

वुकोमानने मान खाजवली. “बरं, चार हजारला देतो.”

स्रेतेन आणखी दोष काढत गेला आणि किंमत उतरत गेली. तो गाडी नाकारत होता, पण त्याच्या बायकोला ती स्वस्तात पडत होती. ल्युबिंका कॉफी पीत राहिली. आकडा तीन हजार आठशेवर आला तेव्हा तिने कॉफीचा कप खाली ठेवला.

“मिलुंकाताई, बटाटे आहेत का? नव्वद किलो लागतील.”

“एवढे?” मिलुंका म्हणाली. “किती जणांचा स्वयंपाक आहे तुमच्याकडे?”

“स्वयंपाकाला नकोत. मागे बांधायला हवेत. अख्खा हिवाळा शिकवणीच्या गाडीवर मी नव्वद किलो बांधूनच शिकले. हे नव्वद किलो आहेत.”

तिने मानेने नवऱ्याकडे खूण केली. स्रेतेन टायरवर वाकलेलाच राहिला.

पन्नासचं एक आणि चाळीसचं एक अशी दोन पोती काट्यावर तोलून निघाली. वुकोमानने ती पट्ट्यांनी मागच्या सीटवर आवळली. ल्युबिंका पुढे बसली. दोन्ही पाय जमिनीला पुरत होते. तिने क्लच सोडला आणि गाडी फाटकातून अलगद बाहेर गेली.

स्रेतेन फाटकाशी जाऊन उभा राहिला, मान तिरकी करून. चर्चपर्यंतचा रस्ता त्याला दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. दुसरा गिअर, तिसरा. मोरीवरचा खडखडाट. वळण. परत येताना तिने गिअर थोडा उशिरा उतरवला तेव्हा त्याच्या उजव्या पायाने जमिनीवर नसलेला ब्रेक दाबला. मग फाटकासमोरच्या खड्ड्यात गाडीचा मागचा भाग खाली बसला आणि आतून ठक् असा आवाज आला. ल्युबिंका हेलपाटली, पण पाय टेकून तिने गाडी सावरली.

“मागून बसतेय,” स्रेतेन म्हणाला. “ही नको.”

“हीच,” ल्युबिंका म्हणाली. हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. “सात झाल्या, स्रेतेन. आठवी मी बघणार नाही. तू आलास तर तुला घेऊन जाईन. नाही आलास तर बटाटे घेऊन जाईन. पण या जूनमध्ये त्या टोकाला मी जाणार.”

वुकोमान घाईने पुढे झाला. “अहो, दोष नाही तो. मी एकटा फिरायचो, म्हणून स्प्रिंग मऊ ठेवलीय. सीटखाली फिरकी आहे, घट्ट केली की झालं. फक्त मागच्याचं वजन बरोबर सांगा. त्यात चूक झाली तर भरल्या पेट्यांनिशी घाटाच्या वळणावर पुढचं चाक हलकं पडतं.”

“नव्वद,” ल्युबिंका म्हणाली.

वुकोमानने फिरकीला हात घातला. स्रेतेनचा तळवा वरच्या पोत्यावर होता. तो गोणपाटावरून बोट फिरवत होता, एक बटाटा इकडे, एक तिकडे करत होता. नव्वद हा आकडा त्याने डॉक्टरांना सांगितला होता, शिंप्याला सांगितला होता, आणि घरातला काटा बिघडलाय म्हणून अडगळीतही टाकला होता.

“एकशे सहा,” तो म्हणाला.

फिरकी थांबली.

“कधीपासून?” ल्युबिंकाने विचारलं.

“गाडी विकली त्याच्या आधीपासून.” त्याने घसा खाकरला. “एकशे सहा धर, वुकोमान. बुटांसकट एकशे आठ.”

वुकोमानने मान खाली घालून फिरकी फिरवली. कट्, कट्, कट्. मायलेकांनी पोती उतरवून घेतली. ल्युबिंकाने उगाच हातमोजे झटकले. स्रेतेन टेबलापाशी गेला. पेला त्याला चटकन सापडला नाही, तबकाच्या कडेवरून बोटं सरकवत त्याने तो शोधला, मिलुंकाच्या दिशेने उंचावला आणि एका घोटात संपवला.

“देव बरं करो,” मिलुंका म्हणाली आणि कोरडेच हात एप्रनला पुसायला लागली.

“माझं हेल्मेट मोटारीत आहे,” स्रेतेन म्हणाला. तो विचारत नव्हता.

वुकोमानने ते आणून दिलं. ल्युबिंका पुढे बसून दोन्ही पाय रोवून गाडी धरून राहिली. त्याने तिचा खांदा धरला, बुटाने फूटरेस्ट चाचपला आणि सगळ्या एकशे आठ किलोंनी मागे बसला. गाडी थोडी खाली गेली आणि तिथेच थांबली. या वेळी ठक् झालं नाही.

तिने गाडी सुरू केली.

“त्या खड्ड्याच्या आधीच गिअर उतरव,” मागून आवाज आला. “आणि मोरीवर ब्रेक लावू नकोस. आणि मगाशी वळणावर—”

“स्रेतेन,” ती म्हणाली, “पोती बोलत नाहीत.”

आणि तिने क्लच सोडला.