दार्गोचं कोपर

पॅरिसच्या त्या छापखान्यात ऑक्ताव्हला पोस्टरसाठी दार्गोचं तोंड चितारावं लागत होतं, आणि त्याचा जळफळाट होत होता. तीन वर्षांपूर्वी सायकलशर्यतीच्या शेवटच्या वळणावर याच दार्गोने कोपर मारून त्याला कठड्यावर फेकलं होतं. गुडघा कायमचा गेला. ट्रॅकचे मालक बाझीर वळणावरच उभे होते, तरी त्यांनी ऑक्ताव्हलाच खोटारडा ठरवून ट्रॅकवर बंदी घातली. आपण खोटं बोललो नव्हतो, एवढंच एकदा कुणीतरी म्हणावं, यासाठी तो झुरत होता.

आणि आता रविवारच्या शर्यतीचं पोस्टर त्याच्याच गळ्यात पडलं होतं. त्याने जे घडलं तेच छापायच्या दगडावर काढलं, कोपरासकट. बघायला दार्गो आणि बाझीर दोघेही आले.

"काय रे लंगड्या, अजून पोट जळतंय?" दार्गो दगडावर वाकला आणि भडकला. "मी कोपर मारतोय? शुद्ध बनाव!"

"बनाव कसला? तसंच झालं होतं."

"तसंच? गाढवा, तू माझ्या उजवीकडे होतास, इथे डावीकडे दाखवलायस! डाव्या कोपराने मारलंच नव्हतं मी, उजव्याने—"

तो थांबला. पण शब्द सुटला तो सुटला. छापायच्या दगडावर चित्र उलटं काढतात, हे छापखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दार्गोला कुठून माहीत असणार? त्याची अक्कल सगळी पोटऱ्यांत!

ऑक्ताव्हने शाई फिरवली, एक कागद दाबून काढला आणि बाझीरांसमोर धरला. कागदावर कोपर उजवं होतं. "ऐकलंत ना साहेब? आता तरी म्हणा, मी खोटं बोललो नव्हतो, आणि माझी बंदी उठवा."

बाझीरांनी कागद पाहिला, दार्गोकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. "जुनी मढी कशाला उकरायची? लोक याला बघायला पैसे मोजतात, तुला नाही. कोपर तेवढं पुसून टाक."

दार्गो हसला. त्याने तो ओला कागद हिसकावून टराटरा फाडला.

ऑक्ताव्हला वाटलं, शाईचा रूळ याच्या डोक्यात घालावा. पण त्याने दगडावर वाळू आणि पाणी ओतलं, दुसरा दगड उचलला आणि चित्रावर घासायला लागला. आधी कोपर गेलं, मग हात, मग दार्गोचा मिशाळ जबडा. आपली नोकरीही त्यात चालली आहे, हे त्याला कळत होतं.

"अरे, वेड लागलं का तुला?" बाझीर किंचाळले. "रविवारी भिंतीवर काय लावू?"

"कोरा कागद लावा, साहेब," ऑक्ताव्ह घासता घासता म्हणाला. "डोळ्यांदेखत घडलेलं दिसलंच नाही म्हणायची सवय आहेच तुम्हाला."