रिक्षातच राहिलेला डबा

बारा खाखरे, आठ मेथीपुऱ्या आणि वाटीभर भाजलेले चणे. त्या दुपारी माझ्या तीन पुडांत एवढं होतं. मित्रांनो, मी नारायणगावचा एक जुना पितळी डबा आहे, आणि आज मी रागावलेलो आहे.

माझी उमेदीची वर्षं तळेघरच्या डोंगरवाटांवर गेली. मालक बन्सीलालशेठ कापडाचं गाठोडं घेऊन वाडीवाडीत फिरत. ते जैन. सूर्य मावळला की दुसरा दिवस उजाडेपर्यंत अन्न नाही. म्हणून नव्या वाडीत शिरताच ते आधी विचारत, "इथं दिवस कधी कलतो?" तिथला शेतकरी सावळाराम बांधावरून हाक मारी, "शेटजी, जेवून घ्या, दिस डोंगराला टेकला!" शेठ हसून माझी कडी काढत.

शेठ गेले आणि मी माळ्यावर पडलो. या डिसेंबरात नातू कल्पेश आजीला, म्हणजे कस्तुरबाईंना, अंदमानला न्यायला निघाला. तेव्हा त्यांनीच मला खाली काढून कल्हई करून घेतली.

बेटावर जाणारी बोट फार हलली. कस्तुरबाईंना दुपारी घास गेला नाही. "दिवस मावळायच्या आत डब्यातलं खाईन," म्हणाल्या. उतरल्यावर रिक्षा केली. किनारा रस्त्यापासून झाडीतून बराच आत होता. इथे सूर्य पाचलाच बुडतो, असं रिक्षावाल्याने कल्पेशला दोनदा बजावलं.

"काय राव! आपल्याकडं सहाला मावळतो. देश एक, घड्याळ एक," कल्पेश हसला. "आजी, डबा राहू दे रिक्षात. फोटोत कुठं ते पितळ!"

घड्याळ एक असेल, पण सूर्य काय घड्याळ बघून चालतो? ते बेट नारायणगावच्या कितीतरी पूर्वेला. तिथे तो आधी उगवतो, आधीच मावळतो. हा शाळेतला भूगोल कल्पेश घरी विसरला आणि मला रिक्षात ठेवून गेला!

मागच्या सीटवरून मी पाहत होतो. सावल्या लांबत गेल्या. अखेर झाडीतून कस्तुरबाई आल्या. एका हातात चपला, दुसरा नातसून नीलमच्या खांद्यावर. वाळूत चालून त्यांचे पाय भरून आले होते. त्यांनी माझ्या कडीला हात घातला आणि मागे वळून पाहिलं. झाडांच्या फटींत नुसती लाली उरली होती.

"दोनच मिनिटं झाली, आजी. खा. इथं कोण बघतंय?" कल्पेश म्हणाला.

"मी बघतीय की." त्यांनी हात काढून घेतला.

"रिक्षावाल्याचं ऐकलं असतं तर तुमचं घड्याळ काय बंद पडलं असतं?" नीलम नवऱ्याला म्हणाली.

मित्रांनो, मला लख्ख घासा, असं मी सांगत नाही. परक्या मुलखात जाल तेव्हा तिथला दिवस तिथल्या माणसाला विचारा, आणि त्याने सांगितलं तर ऐका. आणि भुकेल्या म्हातारीचा डबा तिच्याच हातात असू द्या.

सकाळी उजाडल्यावर नीलमने माझी कडी काढली. बारा खाखरे, आठ मेथीपुऱ्या, वाटीभर चणे.